पत्रा लहर परतवतो, मग भुकटी ती गिळते कशी?

प्रश्न : माझे वडील भिलाई स्टील प्लांटच्या रेल मिलमध्ये होते. तापलेल्या पोलादावरून सुटणारा काळा पापुद्रा, ज्याला मिलमध्ये सगळे ‘स्केल’ म्हणतात, त्याचा एक डबा अजून घरात आहे आणि मुलं त्यावर चुंबक फिरवून खेळतात. परवा वाचलं, की रडारला चकवण्यासाठी विमानांना नि जहाजांना लोखंडाची भुकटी घातलेल्या रबराचा किंवा रंगाचा लेप देतात आणि तो रडारच्या लहरी शोषून घेतो. मी शाळेत विज्ञान शिकवते, त्यामुळे दोन शंका आल्या. धातूचा पत्रा रडारच्या लहरी परत पाठवतो, म्हणून तर विमान दिसतं. मग त्याच धातूची भुकटी उलटी कशी वागते? आणि आमच्या डब्यातला स्केल रबरात कालवला तर चालेल का?
— एक शिक्षिका, कॅम्प-१, भिलाई

उत्तर : दुसऱ्या शंकेचं उत्तर एका शब्दात हवं असेल तर ‘थोडाफार’. हा थोडाफारपणा कुठून येतो ते पहिल्या शंकेत दडलंय, म्हणून आधी पत्र्याकडे वळू.

नेम धरणारी बरीच रडारं ८ ते १२ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात चालतात; अभियंते त्याला एक्स बँड म्हणतात. १० गिगाहर्ट्झला लहरीतलं विद्युत आणि चुंबकीय क्षेत्र सेकंदाला १००० कोटी आवर्तनं करतं आणि लहरीची लांबी ३ सेंटिमीटर भरते. ही लहर लोखंडी पत्र्यावर आपटली, की त्यातले मोकळे इलेक्ट्रॉन तिच्या तालावर मागेपुढे होऊ लागतात. हा झाला विद्युतप्रवाह, आणि असा झुलणारा प्रवाह स्वतःच लहर बाहेर टाकतो. पत्र्यामागे ही नवी लहर मूळ लहरीला खोडून काढते. पुढच्या बाजूला ती परतीची लहर म्हणून निघते आणि रडारला विमान दिसतं. हा सगळा व्यवहार पत्र्याच्या वरच्या जेमतेम मायक्रॉनभर, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागाएवढ्या, थरात उरकतो. खालचं लोखंड कागदाइतकं पातळ असो की रुळाइतकं जाड, लहरीला त्याचा पत्ताच लागत नाही.

आता त्याच लोखंडाचे दोन-चार मायक्रॉनचे कण केले, तर तो वरचा थर आणि कण यांची मापं जवळपास एका पातळीवर येतात आणि लहर कणाच्या आत शिरते. पण नुसती भुकटी दाबून वडी केली तर उपयोग नाही. कण एकमेकांना टेकतात, इलेक्ट्रॉनांना एका कणावरून दुसऱ्यावर जायला वाट मिळते आणि वडी पुन्हा पत्र्यासारखी वागते. प्रत्येक कण शेजाऱ्यापासून तोडून ठेवावा लागतो. रबर, सिलिकोन, इपॉक्सी, पॉलियुरेथेन यांचं इथलं खरं काम ते. पुष्कळांना वाटतं, रबर म्हणजे भुकटी विमानाला चिकटवायची खळ. ती सोय आहेच, पण वीज न वाहू देणारं हे माध्यम कणांच्या मधे नसतं तर पुढचं काहीच घडलं नसतं. ट्रान्सफॉर्मरचा गाभा अखंड लोखंडाचा न करता वार्निश लावलेल्या पातळ पत्र्यांची चळत रचून करतात, त्यामागचं कारणही हेच: आत फिरणारे प्रवाह तोडायचे, पण चुंबकत्व ठेवायचं. ५० हर्ट्झला पाव-अर्धा मिलिमीटरचा पत्रा पुरतो. १० गिगाहर्ट्झ म्हणजे त्याच्या २० कोटी पट. तिथे मायक्रॉनचा कणच हवा.

प्रवाह तोडले, आता चुंबकत्व कामाला लागतं. कणातल्या अणूंचं चुंबकत्व एका ठरलेल्या दिशेला धरलेलं असतं. लहरीचं चुंबकीय क्षेत्र त्याला ढकलतं, तसं ते आपल्या अक्षाभोवती डुलू लागतं. क्षेत्र फिरतं त्याच क्षणी ते फिरत नाही, मागे रेंगाळतं, आणि या रेंगाळण्यात लहरीची ऊर्जा कणाच्या उष्णतेत जमा होते. प्रत्येक पदार्थाची डुलण्याची स्वतःची एक वारंवारता असते. लहर तिच्या आसपास आली की शोषण सर्वांत जास्त.

इथे निसर्गाने एक अट घालून ठेवली आहे. हॉलंडमधल्या फिलिप्सच्या प्रयोगशाळेत काम करणाऱ्या स्नूक या शास्त्रज्ञाने ती १९४० च्या दशकात मांडली. चुंबकत्वाचा प्रतिसाद जितका मोठा, तितकी तो टिकण्याची वारंवारता खाली. दोन्ही एकदम वाढवायचे तर पदार्थाचं एकूण चुंबकत्व, त्याची संपृक्ती, वाढवावी लागते. शुद्ध लोखंडाची संपृक्ती २.१५ टेस्ला, फेराइटांची, म्हणजे लोहऑक्साइडापासून केलेल्या चुंबकीय पदार्थांची, त्याच्या चौथ्या-पाचव्या हिश्श्याची. म्हणून निकेल-झिंक फेराइटच्या सुमारे ६ मिलिमीटर जाडीच्या फरशा ३० मेगाहर्ट्झपासून १ गिगाहर्ट्झपर्यंत अप्रतिम शोषतात. वाहनांतल्या इलेक्ट्रॉनिक्सचा एकमेकांना त्रास होतो का, हे ज्या बंदिस्त खोल्यांत तपासतात, पुण्याच्या एआरएआय या वाहन-संशोधन संस्थेत ही सोय आहे, तशा खोल्यांच्या भिंतींना या फरशा लावायची पद्धत आहे. पण तीच फरशी १० गिगाहर्ट्झच्या रडारपुढे धरली तर तिचं चुंबकत्व केव्हाच मागे पडलेलं असतं. तिथे लोखंडच लागतं.

कुणी म्हणेल, लहर शोषायला काजळी, म्हणजे कार्बन, काय वाईट? वाईट काहीच नाही, हलकी आणि स्वस्तही आहे. पण ती उभी कुठे करायची हा प्रश्न आहे. खिडकीच्या गजाला दोरी बांधून दुसरं टोक झटकलं, की लाट गजापर्यंत जाऊन परतते. गाठीपाशी दोरी जराही वर-खाली होत नाही. गजाला हिसका मात्र तिथेच बसतो. धातूपाशी रडारच्या लहरीचं असंच होतं. पत्र्याला अगदी लागून विद्युत क्षेत्र शून्यावर येतं आणि चुंबकीय क्षेत्र येणाऱ्या लहरीच्या दुप्पट होतं. काजळी विद्युत क्षेत्रातून ऊर्जा काढते, त्यामुळे पत्र्याला चिकटून लावली तर तिच्या वाट्याला काही येत नाही. तिला पत्र्यापासून पाव लहर, १० गिगाहर्ट्झला साडेसात मिलिमीटर, दूर उभं करावं लागतं. अमेरिकेत सॅलिसबरी यांनी अशाच पडद्याचं पेटंट घेतलं. ते १९५२ साली मंजूर झालं. लोखंडाची भुकटी चुंबकीय क्षेत्रातून ऊर्जा काढते, आणि ते क्षेत्र सर्वांत जोरदार असतं ते पत्र्याच्या अंगालाच. विमान आणि जहाज दोन्ही धातूची, त्यांवर जाड गादी बांधायची सोय नाही. चुंबकीय लेपाची किंमत आणि वजन सहन करण्यामागे हे कारण आहे.

लेप पातळ व्हायला आणखी एक गोष्ट मदत करते. भुकटी भरलेल्या रबरात लहर मंदावते आणि तिची लांबी आखडते. भरणी चांगली असेल तर ती पाचव्या हिश्श्यावर येते, म्हणजे पाव लहर साडेसात मिलिमीटरऐवजी दीड मिलिमीटरमध्ये बसते. लेपाच्या वरच्या पृष्ठभागावरून परतलेली लहर आणि आत जाऊन, पत्र्यावर आपटून, निम्मीअधिक जिरून बाहेर आलेली लहर एकमेकींच्या उलट पडतात आणि खोडल्या जातात. तेव्हा ‘शोषक’ हा शब्द अर्धाच खरा. काही लहर जिरते, काही लहरीचा काटा लहरीनेच काढला जातो. जाडी चुकली की हा मेळ बिघडतो. दीड मिलिमीटरच्या लेपात जाडीचा दशांश मिलिमीटरचा फरकसुद्धा शोषणाची वारंवारता अर्ध्या गिगाहर्ट्झहून जास्त सरकवतो, त्यामुळे ब्रशने हात फिरवून हे काम होत नाही.

ही कल्पना आजची नाही. दुसऱ्या महायुद्धात जर्मन पाणबुड्या पाण्याखाली राहून हवा घ्यायला श्नॉर्कल नावाचं नळकांडं वर काढत, आणि दोस्तांच्या विमानांतली १० सेंटिमीटर लहरीची रडारं ते टिपत. त्यावर जर्मनांनी दोन प्रकारची आवरणं तयार केली. त्यांतलं एक, ‘वेश’ नावाचं, रबरात कार्बोनिल लोखंडाची भुकटी घालून केलेलं, सुमारे ८ मिलिमीटर जाडीचं, नेमकं ३ गिगाहर्ट्झला जुळवलेलं होतं. तोवर दोस्तांची ३ सेंटिमीटरची रडारंही मैदानात आली होती आणि एका लहरीवर जुळवलेलं आवरण दुसरीपुढे लंगडं पडतं. त्याच सुमारास अमेरिकेत एमआयटीच्या रेडिएशन लॅबोरेटरीत ऑटो हॅल्पर्न यांनी ‘हार्प’ नावाचा रंग केला. पुढे एसआर-७१ या टेहळणी विमानाच्या काळ्या रंगातही लोखंडी कण होते.

कार्बोनिल लोखंड हे नाव आलं, म्हणून थोडं थांबतो. भिलाईच्या वाचकाला यात गंमत वाटेल. ब्लास्ट फर्नेसमध्ये कार्बन मोनॉक्साइड लोहखनिजातला ऑक्सिजन ओढून घेतो आणि लोखंड सुटं होतं. तोच वायू कमी तापमानाला आणि मोठ्या दाबाखाली लोखंडावरून नेला, तर तो लोखंडाशी संयोग पावतो आणि आयर्न पेंटाकार्बोनिल नावाचा पिवळट द्रव मिळतो. भट्टीच्या धगीत हे संयुग क्षणभरही टिकणार नाही. १८९१ मध्ये ते सापडलं. ते १०३ अंश सेल्सियसला उकळतं आणि अत्यंत विषारी आहे. त्याची वाफ अडीचशे-तीनशे अंशांवर नेली की ती फुटते: वायू परत मिळतो आणि लोखंडाचे नितळ गोल कण खाली पडतात, साधारण १ ते १० मायक्रॉनचे. जर्मनीत बीएएसएफ कंपनीने १९२० च्या दशकात हे उत्पादन सुरू केलं, ते रेडिओ आणि टेलिफोनच्या कॉइलच्या गाभ्यासाठी. रडारचा तेव्हा पत्ताही नव्हता. कानशीने घासून किंवा दळून केलेली भुकटी ओबडधोबड निघते. इतके सारखे, गोल आणि शुद्ध कण दळून मिळत नाहीत.

ही भुकटी रबरात जाते ती दोन रोलांच्या मिलवर. कच्चं रबर आधी रोलांमधून फिरवून मऊ करतात, ते एका रोलला पट्ट्यासारखं लपेटलं जातं, आणि मग वरून थोडी थोडी भुकटी सोडतात. निम्मी खालच्या ट्रेमध्ये सांडते. ती झाडून पुन्हा वर. कामगार सुरीने पट्टा आडवा कापून दुमडतो, पुन्हा घालतो, डावीकडून, उजवीकडून, कितीतरी वेळा, म्हणजे कण एके जागी गोळा होऊन बसू नयेत. शेवटी निघणारा करडा-काळा तक्ता हातात घेतला की त्याच्या वजनाने दचकायला होतं. वजनाने ८० टक्के लोखंड घातलं, तरी आकारमानाने ते तिसरा हिस्साच भरतं, बाकी सगळं रबर. दोन मिलिमीटर जाडीच्या अशा तक्त्याचं वजन चौरस मीटरला साडेसहा किलोच्या आसपास जातं. लढाऊ विमानाच्या अंगाचे चौरस मीटर मोजून बघा, मग वैमानिक या लेपावर का चिडतात ते कळेल.

भुकटी आणखी घातली तर? चुंबकत्व वाढतं, पण कण टेकू लागतात आणि दुसरंच संकट उभं राहतं. लहर हवेतून लेपात शिरताना तिला दोन्हीकडे सारखा विरोध जाणवला पाहिजे. हवेचा हा आकडा ३७७ ओहम, धातूचा जवळपास शून्य. लेप धातूच्या दिशेने झुकला, की लहर उंबऱ्यावरूनच परत फिरते आणि आतली सगळी तयारी वाया जाते. म्हणून कणांवर सिलिका किंवा फॉस्फेटचं पातळ कवच चढवतात. त्याने गंज चढणंही लांबतं. दुसरा उपाय म्हणजे गोल कण बॉल मिलमध्ये कुटून चपट्या चकत्या करायच्या. चकतीत चुंबकत्व तिच्या पृष्ठभागातच पडून राहतं, आणि गोल कणाला स्नूकची जी मर्यादा लागते ती चकती ओलांडू शकते. माझ्या मते गेल्या काही दशकांत या विषयात जे खरं पाऊल पुढे पडलं, ते कणांच्या या आकारात. बाकी ग्राफीन घाला, नॅनोनळ्या घाला, असे लेख ढिगाने निघतात.

आता तुमचा डबा. गरम पोलादावर हवेचा ऑक्सिजन बसून तीन थर होतात. पोलादाला लागून वूस्टाइट, मधे मॅग्नेटाइट, सगळ्यात वर हेमॅटाइटचा पातळ पापुद्रा. चुंबकाला धावून चिकटतं ते मॅग्नेटाइट. वर्गात दाखवायला एक छान जोड आहे: चुंबकाजवळ एकीकडे स्केल ठेवा, दुसरीकडे राजहऱ्याच्या खाणीतल्या लाल खनिजाचा खडा. राजहऱ्याचं खनिज मुख्यतः हेमॅटाइट, त्याला चुंबक जवळजवळ ओळखतच नाही. दोन्ही लोखंडाचीच ऑक्साइडं, पण ऑक्सिजनचं प्रमाण आणि अणूंची मांडणी वेगळी.

स्केलचा अडसर दोन ठिकाणी आहे. त्याचे तुकडे मिलिमीटरच्या मापाचे असतात, ते मायक्रॉनपर्यंत दळावे लागतील. आणि मॅग्नेटाइटची संपृक्ती ०.६ टेस्लाच्या आसपास, लोखंडाच्या जेमतेम चौथ्या हिश्श्याहून थोडी जास्त. स्नूकच्या अटीप्रमाणे त्याचं चुंबकत्व एक-दोन गिगाहर्ट्झच्या पुढे दमतं. एक्स बँडमध्ये तो शोषेल, पण मुख्यतः विद्युत बाजूने, काजळीसारखा. आणि ती बाजू पत्र्यालगत दुबळी हे वर आलंच. स्केलचा शहाणा उपयोग वेगळा आहे. त्यातलं लोहऑक्साइड शुद्ध करून बेरियम किंवा स्ट्रॉन्शियमच्या कार्बोनेटबरोबर १२०० अंशांच्या आसपास भाजलं, की षट्कोनी फेराइट मिळतं, ज्याची स्वतःची डुलण्याची वारंवारता ४५ गिगाहर्ट्झच्याही वर असते. त्यातल्या काही लोहअणूंच्या जागी कोबाल्ट आणि टायटॅनियम बसवलं की ती हवी तेवढी खाली ओढता येते, अगदी एक्स बँडपर्यंत. मलेशियातल्या पुत्रा विद्यापीठात मिल स्केलपासून फेराइट करून त्याचे शोषक तपासण्याचं काम झालेलं आहे. पोलाद कारखान्यांत मात्र स्केलची वाट ठरलेली: सिंटर प्लांटमध्ये, आणि तिथून पुन्हा भट्टीत. त्यात ७० टक्क्यांच्या आसपास लोखंड असतं, कोण सोडेल?

प्रयोग करायचाच असेल तर घरच्या मायक्रोवेव्ह ओव्हनमध्ये मुळीच नको. ठिणग्या उडतील, रबर जळेल. जुन्या अभियांत्रिकी महाविद्यालयांच्या प्रयोगशाळेत एक्स बँडचा बेंच असतो, क्लिस्ट्रॉन किंवा गन डायोडवर चालणारा. त्याच्या नळीचं आतलं माप २२.८६ बाय १०.१६ मिलिमीटर. स्केल दळून इपॉक्सीत किंवा सिलिकोन सीलंटमध्ये कालवा, त्या मापाची वडी घट्ट बसेल अशी कापा (कडेला फट राहिली तर आकडे खोटे येतात), मागे पितळी झाकण लावा आणि फाट असलेल्या नळीवरून प्रोब सरकवत लहरीचा उंचवटा आणि खळगा मोजा. नुसतं झाकण असेल तर खळगा जवळपास शून्यावर जातो. वडी घातल्यावर उंचवट्याचं खळग्याशी प्रमाण २ आलं, तर फक्त ११ टक्के शक्ती परत येते आहे. तुमच्या स्केलच्या वडीला एवढं जमलं तर मला आश्चर्य वाटेल. जाडी दोन, तीन, चार मिलिमीटर अशी बदलून बघा. मुलांना पाव लहरीचा हिशेब फळ्यावरच्या सूत्रापेक्षा इथे लवकर उमजेल.

प्रश्न : असा लेप दिलेलं विमान रडारला अजिबात दिसत नाही का? आपल्याकडे हे काम कुठे चालतं?
— एक वाचक, डोंबिवली

उत्तर : दिसतं, फक्त उशिरा. रडारला परतीची लहर किती मिळते ते अंतराच्या चौथ्या घाताने घटतं. त्याची दुसरी बाजू अशी, की परतीची शक्ती खूप कमी केली तरी टप्पा थोडाच कमी होतो. लेपाने ९० टक्के शक्ती जिरवली तर जे रडार १०० किलोमीटरवरून बघत होतं ते ५६ किलोमीटरवरून बघेल. ९९ टक्के जिरवली तरी ३२ किलोमीटर. शोधनिबंधांत उणे ५० डेसिबल, उणे ६० डेसिबल असे आकडे मिरवतात, म्हणजे लाखातला एक किंवा दहा लाखांतला एक हिस्सा परत. पण ते बहुधा एका वारंवारतेला, एका जाडीला, सरळ समोरून आलेल्या लहरीला. तिरकी लहर आली की सोंग उतरतं. मी तरी असा आलेख बघताना खोल खड्ड्याकडे लक्ष देत नाही, उणे १० डेसिबलच्या रेषेखाली तो किती रुंद आहे ते बघतो.

म्हणून मुख्य काम आकार करतो आणि लेप उरलेलं सावरतो. लहर शोषण्यापेक्षा ती रडारकडे न पाठवता भलतीकडे वळवणं स्वस्त पडतं. कडांवरून लहर कशी पसरते याचं गणित सोव्हिएत शास्त्रज्ञ प्योत्र उफिम्त्सेव यांनी १९६२ मध्ये मॉस्कोत पुस्तकरूपाने छापलं. त्यांच्या देशाने ते फारसं मनावर घेतलं नाही. अमेरिकी हवाई दलाने १९७१ मध्ये त्याचं भाषांतर केलं आणि त्यावरून लॉकहीडने कोनाकोनांचं एफ-११७ विमान आखलं.

आपल्याकडे मुंबईच्या माझगाव डॉकमध्ये बांधलेल्या, २९ एप्रिल २०१० ला नौदलात आलेल्या आयएनएस शिवालिकचे आणि १५ जानेवारी २०२५ ला आलेल्या आयएनएस नीलगिरीचे उतरते, गुळगुळीत कठडे लहर अशी भलतीकडे वळवण्यासाठीच. पदार्थांवर डीआरडीओची जोधपूरची डिफेन्स लॅबोरेटरी काम करते, आणि नौदलासाठी तुमच्याच पलीकडे, अंबरनाथला, नेव्हल मटेरियल्स रिसर्च लॅबोरेटरी आहे. समुद्रावर या लेपाची खरी परीक्षा लागते: खारा वारा, ऊन, आणि रबरात शिरू पाहणारं पाणी. लोखंडाचा कण गंजला की तो हेमॅटाइटच्या वाटेने जातो, आणि त्याचं चुंबकत्व कसं असतं ते वरच्या उत्तरात आलं आहे.

प्रश्न : माझ्या ओव्हनबरोबर आलेल्या ‘क्रिस्प’ ताटलीत पिझ्झाचा तळ खरपूस होतो. मायक्रोवेव्हमध्ये धातू ठेवू नये म्हणतात, मग ही धातूची ताटली कशी चालते?
— एक वाचक, कोथरूड, पुणे

उत्तर : वरच्याच लेपाची ही स्वयंपाकघरातली बहीण. ताटली ॲल्युमिनियमची, पण पालथी करून बघितली तर खाली काळसर रबर लावलेलं दिसेल. ते सिलिकोन रबर, त्यात फेराइटची भुकटी. ओव्हनमधली २.४५ गिगाहर्ट्झची लहर खालून येते, रबरातलं फेराइट ती जिरवून तापतं आणि ताटलीचा तळ तव्यासारखा गरम होतो. गंमत म्हणजे याला थर्मोस्टॅट लागत नाही. प्रत्येक चुंबकीय पदार्थाचं एक क्यूरी तापमान असतं, त्यापुढे चुंबकत्व नाहीसं होतं. लोखंडाचं ७७० अंश, मॅग्नेटाइटचं ५८० च्या आसपास. ताटलीसाठी फेराइटची घडण अशी करतात, की ते तापमान दोनशे-अडीचशे अंशांवर येईल. तिथे पोचलं की फेराइट लहर घेणंच सोडतं, जरा निवलं की पुन्हा घेऊ लागतं. सोडा आणि तारेचा चोथा घेऊन खालचं रबर खरवडू नका.

प्रश्न : मोबाइलच्या मागे लावायचा ‘किरण शोषून घेणारा’ स्टिकर पाचशे रुपयांना मिळतो. त्यात असंच काही असतं का?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : फोनच्या आत खरोखरच फेराइट आणि पॉलिमरचा पातळ कागद असतो, पण त्याचं काम उलटं. पैसे देण्यासाठी फोन यंत्राला टेकवतो तेव्हा १३.५६ मेगाहर्ट्झचं क्षेत्र लागतं. मागची धातूच्या वेष्टनातली बॅटरी ते मारून टाकू नये म्हणून मधे फेराइट घालून क्षेत्राला बाजूने वाट करून देतात. बिनतारी चार्जिंगच्या कॉइलमागेही तसाच कागद.

बाजारातल्या नखाएवढ्या स्टिकरने यातलं काहीच होत नाही. फोनची लहर अँटेनातून सगळीकडे निघते, एका ठिपक्यातून नाही. ठिपका झाकून ती थांबत नाही. आणि समजा एखाद्या स्टिकरने अँटेना खरंच झाकला, तर टॉवरकडे कमी शक्ती पोचते, टॉवर फोनला जोर वाढवायला सांगतो आणि फोन निमूटपणे वाढवतो. बॅटरी लवकर उतरते एवढाच फरक. पाचशे रुपये खर्चायचेच असतील तर वायरचे इअरफोन घ्या. फोन कानापासून हातभर लांब गेला, की डोक्यावर पडणारी शक्ती कितीतरी पटींनी घटते, आणि त्याला कुठल्याच भुकटीची गरज नाही.